शेंड्याची कळी

१

ऑफिसात मला 'सव्वा' म्हणतात. मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीतून पाव काढून टाकला की उरतं ते खरं, असा तिथल्या मंडळींचा अनुभव आहे. मी त्यावर कधी तक्रार केली नाही. उलट सांगतानाच मी एक पाव जास्तीचा घालून ठेवतो, म्हणजे लोकांनी काढून टाकला तरी माझं काही जात नाही.

माझं काम फुलांची चित्रं काढण्याचं. आमच्या संस्थेत झाडांचा अभ्यास चालतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत बसून मी गेली सव्वीस वर्षं त्या झाडांची चित्रं काढतो. कॅमेरे आले तरी तुम्ही कशाला, असं पाहुणे विचारतात. मी म्हणतो, "कॅमेऱ्याला फूल आज दिसतं तेवढंच दिसतं. मला त्याचं कालचंही आठवतं." पाहुणे मान डोलावतात. एवढ्या भांडवलावर माझी नोकरी टिकली आहे.

त्या वर्षी आम्ही फुलोऱ्यांचं पुस्तक करत होतो. फुलोरा म्हणजे झाडाने आपली फुलं दांड्यावर कशी मांडली, कुणाला आधी उमलू दिलं आणि कुणाला ताटकळत ठेवलं, त्याची रीत. काही झाडं खालून वर एकेक फूल उमलवत जातात; शेंड्याला नव्या कळ्या येतच राहतात आणि दांडा वाढतच राहतो. काही झाडांची तऱ्हा उलटी. त्यांच्या दांड्याच्या टोकालाच फूल येतं आणि दांडा तिथे संपतो. पुढचं काय ते बाजूच्या फांद्यांनी बघावं. कुणी फुलांची छत्री उघडतं, कुणी कणीस धरतं. सूर्यफूल तर शेकडो बारकी फुलं एका तबकात दाटीने बसवतं आणि जगाला सांगतं की हे एकच फूल आहे. हे झाड मला पहिल्यापासून आपलं वाटत आलंय.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक जुनी लाकडी पाटी आहे: 'उद्याचं फूल आज काढू नये.' कुणी लावली, ठाऊक नाही. फूल उमललं की मगच काढायचं, कळीवरून अंदाजाने काढायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. आळशी चित्रकारांसाठी ती असणार, असं समजून मी सव्वीस वर्षं तिच्याकडे पाठ करून डबा खाल्ला.

२

खाली काचघर आहे. तिथलं राज्य ताईचं. ताई म्हणजे माझी सख्खी, पाच वर्षांनी मोठी बहीण. संस्थेत आधी ती लागली आणि नंतर मला तिने लावलं, असं ती म्हणते. मी माझ्या गुणांवर लागलो. रोज सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसते आणि आठ वाजेपर्यंत मला स्कूटर कशी चालवायची ते शिकवते.

"अरे, तो ट्रक दिसला का?"

"ताई, तो उभा आहे."

"उभा आहे, पण दिसला का?"

ताईच्या उजव्या अंगठ्याचं नख बाराही महिने हिरवं असतं. रोपांचे शेंडे खुडून खुडून. कात्री तिला आवडत नाही. नख लावते, 'टच्' असा आवाज येतो, शेंडा हातात. "वरचा शेंडा खुडला की बाजूने फुटतं," ती म्हणते. "झाडाला काय, माणसाला काय, कधीतरी वरून एक चिमटा बसलाच पाहिजे."

पुस्तकाच्या शेवटच्या चित्रासाठी तिने एक कुंडी वर पाठवली होती. बियांच्या पाकिटावरची अक्षरं पुसलेली, त्यामुळे झाड कुठलं हे कुणालाच माहीत नव्हतं. ताईने ते स्वतःच्या अंगठ्याने मातीत दाबून लावलं होतं. गुडघाभर उंच सरळ दांडा, त्यावर खालून वर रोज एक फूल. जांभळट, पाच पाकळ्यांचं. सकाळी आठला उमललेलं असायचं. मी ते बघून घ्यायचो, कुंडी खाली परत जायची आणि मी कागदावर त्या दिवसाचं फूल चढवायचो.

आमच्या मॅडम, म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्या वनस्पतितज्ज्ञ, दार न वाजवता आत आल्या.

"सव्वा, हा न संपणाऱ्या दांड्यांच्या प्रकरणात घालायचा. शेंडा वाढतोच आहे ना?"

"मॅडम, असाच वाढला तर तुमच्या केबिनच्या जमिनीतून वर येईल."

"म्हणजे पाऊण इंच वाढला असेल," मॅडम म्हणाल्या. "महिनाअखेरच्या शनिवारी चित्र न्यायला येते. छापखाना थांबणार नाही."

३

बुधवारी मी पहिल्यांदा त्या पाटीचा नियम मोडला. गुरुवारी शाळेतल्या मित्रांचा मेळावा होता आणि मला तिथे जायचं होतं, कारण तिथे माझ्या गोष्टीतून पाव काढणारं कुणी नसतं. सातवं फूल गुरुवारी उमलणार होतं. खालची सहा एकाच साच्यातली. सातवं काय वेगळं असणार? बुधवारी दुपारीच ते काढून टाकलं.

थापेचा एक नियम आहे, फुकटात सांगतो. थाप फार गुळगुळीत असली की पकडली जाते. तिला एखादा डाग ठेवावा. म्हणून मी त्या फुलाच्या उजवीकडच्या खालच्या पाकळीवर किड्याने कुरतडल्यासारखा एक अर्धगोल काढला. वा! बघणारा म्हणेल, समोर ठेवूनच काढलंय.

शुक्रवारी सकाळी ताईच्या उजव्या करंगळीला पट्टी होती.

"काय झालं?"

"बुधवारी संध्याकाळी तुटकी काच लागली. तू पुढे बघ."

कुंडी वर आली. सातव्या फुलाच्या उजवीकडच्या खालच्या पाकळीला अर्धगोल खाच होती.

मी भिंग घेतलं. किडा शोधला, नव्हता. काचघराला बारीक जाळी आहे, डाससुद्धा ओळखपत्र दाखवून आत येतो. आणि खाच कुरतडलेली नव्हतीच. तिची कड गोल, शिवण घातल्यासारखी सफाईदार होती. फूल कळीतूनच तसं आलं होतं.

योगायोग, मी स्वतःला म्हणालो. आवाज मात्र जरा मोठाच निघाला.

४

माझ्या जागी शहाणा माणूस असता तर त्याने खोडरबर, पेन्सिल आवरून रजा टाकली असती. मी नववं फूल भिंतीकडे तोंड करून काढलं. सगळी फुलं खिडकीकडे बघतात. एखाद्याने रुसून बघावं, काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी नववं फूल भिंतीकडे तोंड करून उमललं आणि ताईची मान आखडली. डावीकडे वळेना. कुणी हाक मारली की कपाट सरकवल्यासारखी ती सगळीच्या सगळी वळायची. स्कूटरवर तिला ट्रक दिसेनात, त्यामुळे तो प्रवास फार सुखाचा झाला, हे कबूल करतो.

करंगळी आणि पाकळी, मान आणि फूल. मी हसलो. मग हसायचं थांबलो. मग काचघराच्या दारातून ताई कुणाशीतरी सगळीच्या सगळी वळून बोलताना दिसली, तेव्हा पुन्हा हसलो, पण ते हसू मला आवडलं नाही.

रविवारचं दहावं आणि सोमवारचं अकरावं फूल मी शनिवारीच जीव ओतून काढलं. टवटवीत, पाकळ्या सपाट पसरलेल्या, एक डाग नाही. सव्वीस वर्षांत मी बिनडागी थाप मारली ती एवढीच.

सोमवारी सकाळी ताई दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. कुंडी स्वतः घेऊन. गेली चार वर्षं तिचे गुडघे जिना म्हटला की कुरकुरतात.

"आज काय झालंय मला कोण जाणे," ती म्हणाली, "पळावंसं वाटतंय."

"पळ की."

"आणि कुणी पाहिलं म्हणजे?" असं म्हणून ती खरंच पळत खाली गेली. जिन्यावरून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

पुढचे अकरा दिवस मी रोज एक सुरेख फूल आदल्या दिवशी काढलं. ताईचा रंग उजळला. मॅडमनी तिला कुठलं क्रीम लावता म्हणून विचारलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय, पाव काढून टाकला असता. आणि उरलेलंसुद्धा खरं धरण्यासारखं नव्हतं.

एक तक्रार होती. रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला माझ्या टाळूवर कुणीतरी बारीक चिमटा घेतल्यासारखं व्हायचं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "टक्कल पडतंय. टाळूला बातमी आधी कळते."

५

मग एका सोमवारी कागदावर एक फूल जास्त होतं.

मी शनिवारी रविवारचं आणि सोमवारचं काढून ठेवलं होतं. त्यांच्यावर मंगळवारचं कुणी काढलं? रेघ माझी होती. मी डावखुरा, माझ्या छायेच्या रेघा उलट्या तिरक्या पडतात, याही तशाच. झोपेत काढलं म्हणावं तर मी झोपतो घरी. खोलीची किल्ली माझ्याकडे एक आणि फाटकावरच्या रखवालदाराकडे एक, आणि रखवालदाराला सरळ सहीसुद्धा जमत नाही.

रंगीत चित्रांचे ब्रश धुवायचा पाण्याचा ग्लास रिकामा होता. हे मी आधीही पाहिलं होतं. रोज संध्याकाळी अर्धा भरलेला, सकाळी तळाला रंगाची सुकलेली वेटोळी. हवा कोरडी आहे, असं मी म्हणत आलो होतो. त्या दिवशी मी ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिलो.

दुपारी ती खोली फार शांत असते. जिन्यावरची पावलं थांबतात, नळ थांबतो. त्या शांततेत एक आवाज होता. उन्हात तापलेल्या मातीला पाणी घातलं की ती जसा बारीक चुळचुळ आवाज करत पिते, तसा. तो टेबलातून येत होता. ग्लासातलं पाणी बोटभर उतरलं. मी बघतच होतो, आणि तरी ते उतरताना दिसलं असं शपथेवर सांगता येणार नाही. आधी वर होतं, मग खाली होतं.

मी कागदाचे चारही चाप काढले आणि खालचा कोपरा उचलायला गेलो.

कागद येईना.

चिकटला असेल म्हणून जरा ओढला. तण उपटताना मातीत आत कुठेतरी बारीक तटतट होतं ना, तसं झालं. बोटभर कोपरा वर आला. कागदाच्या पाठीवर पांढरे, केसाहून बारीक तंतू होते आणि ते खाली टेबलाच्या लाकडात गेले होते. ओले होते.

त्याच वेळी खाली काचघरात काहीतरी फुटलं. मी कोपरा सोडला, तळहाताने दाबला आणि जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

ताई उपड्या कुंडीवर बसली होती. पायाशी दुसऱ्या एका कुंडीच्या खापऱ्या.

"काही नाही रे," ती म्हणाली. "एकदम पायाखालची जमीन सुटल्यासारखी वाटली. कुणीतरी मुळापासून हलवावं तसं. तू एवढा पांढराफटक का पडलायस? चक्कर मला आली."

६

महिनाअखेरच्या आठवड्यात कागदावर शेंड्याची कळी आली.

इतके दिवस शेंड्याला बारक्या कळ्यांचा झुबका असायचा. एक उमलली की मागे दहा उभ्या. आता तिथे एकच होती. जाड, टपोरी, एकटी. तिच्या मागे काही नव्हतं. दांडा तिच्यात येऊन बुडाला होता.

ती मी काढली नव्हती.

सव्वीस वर्षं फुलोरे काढणाऱ्या माणसाला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. टोकाला असं एकटं फूल आलं की दांडा संपतो. एक फूल म्हणजे ताईचा एक दिवस, आणि हे शेवटचं.

मी खोडरबर घेतलं आणि ती खोडली. अलगद, कागदाला ओढ लागू न देता, फुंकर घालत घालत. दुपारपर्यंत त्या जागी पुन्हा बारीक झुबका उगवला होता. सकाळी आलो तर झुबका गेलेला आणि कळी परत. पुन्हा खोडली. असं चार दिवस. सव्वाआठला मी खोडायचो, आणि त्याच सुमाराला खाली ताई कानामागे खाजवताना खिडकीतून दिसायची.

"कानामागे गुदगुल्या होतात," घरी जाताना ती स्कूटरवर म्हणाली. "रोज एकाच वेळेला. डॉक्टरला दाखवू का?"

"काय सांगशील त्याला? गुदगुल्या होतात?"

"तेही खरंच," ताई म्हणाली. "तो ट्रक दिसला का?"

"दिसला, ताई," मी म्हणालो. त्या आठवड्यात मला सगळे ट्रक दिसत होते.

७

शनिवारी सकाळी मला पोहोचायला उशीर झाला. फाटकाशी पंक्चर. वर आलो तर दार रखवालदाराच्या किल्लीने उघडलेलं आणि मॅडम माझ्या टेबलाशी उभ्या. हातात चित्र न्यायची मोठी पुठ्ठ्याची फाइल.

"सव्वा, सुंदर झालंय! शेंड्यावरचं हे फूल कधी काढलंस?"

कळी अर्धी उमलली होती. मी बघत असताना एक पाकळी सुटी झाली. पेन्सिलीची रेघ होती ती, पण ती सुटली, खरी पाकळी सुटते तशी, थोडी थरथरून.

मॅडमनी ते पाहिलं नाही. त्यांनी चाप काढले होते. त्यांची बोटं कोपऱ्यावर होती.

"मॅडम, हात लावू नका!"

"का?"

आयुष्यात लागली नाही एवढी थापेची गरज मला त्या क्षणी होती. आणि डोकं रिकामं. शाई ओली आहे म्हणावं, तर चित्र पेन्सिलीचं. एकही थाप येईना. शेवटी तोंडातून खरंच निघालं.

"हा कागद उचलला तर ताई मरेल."

मॅडम खो खो हसल्या. "सव्वा, तू म्हणजे ना!"

"मॅडम, पाव काढा! तरी ताई पाऊण मरतेच की!"

त्या आणखी हसल्या आणि हसता हसता त्यांनी कोपरा उचलला. तट, तट, तट. खालून, काचघरातून, ताईने मला हाक मारली. लहानपणी मारायची त्या नावाने. ते नाव ती चाळीस वर्षांत बोलली नव्हती, आणि मी ते इथे लिहिणार नाही.

मी भिंग उचललं. का, ते माहीत नाही. बुडत्याच्या हाताला जे लागतं ते. ते कागदावर टेकवलं आणि पहिल्या फुलापाशी बघितलं. प्रत्येक फुलापाशी दांड्यावर एक इवलंसं पान असतं. दांडा सरळ वाढत गेलेला असला तर ते पान फुलाच्या बरोबर खाली, त्याच बाजूला असतं. पानाच्या बगलेतूनच फूल येतं ना. माझ्या चित्रात ते समोरच्या बाजूला होतं. दुसऱ्या फुलापाशीही. तिसऱ्यापाशीही. हाताने ते इमानदारीत काढलं होतं. डोक्याने एकदाही बघितलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "पान फुलाखाली नाही. समोर आहे."

हसू थांबलं. "काय?"

"स्वतः बघा."

भिंग घ्यायला मॅडमना दोन्ही हात लागले. कोपरा सुटला. मी त्यावर तळहात ठेवला आणि कोपर टेकवून असा उभा राहिलो, जणू मला फार अभ्यास करायचाय. तळहाताखाली काहीतरी चुळचुळत परत लाकडात शिरत होतं.

मॅडम पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत गेल्या. मग परत खाली आल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हा एक दांडा नाहीच."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक फूल शेंड्याचंच आहे! पहिलं फूल आलं, तिथे दांडा संपला. त्या समोरच्या पानाच्या बगलेतून नवी फांदी निघाली, तिने त्याला बाजूला ढकललं आणि स्वतः सरळ उभी राहिली. तिलाही एकच फूल, तीही संपली. मग पुढची. दिसतो सरळ दांडा, पण आहे नुसत्या संपलेल्यांची साखळी. रोज संपतोय आणि रोज बगलेतून उठतोय! काय लबाड झाड आहे!"

"आणि हे शेवटचं?" मी विचारलं. "याच्या समोर पान आहे का?"

मॅडम वाकल्या.

"इथे एक अगदी बारीक काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "ठिपका. धूळही असेल."

मी धूळ झटकली नाही.

"चित्र वेगळ्या प्रकरणात जाणार," मॅडम म्हणाल्या. "नव्याने काढ, प्रत्येक पान मोठं करून. छापखान्याला मी बघते. हे राहू दे इथेच, याचा आता काय उपयोग?"

काहीच नाही, मी म्हणालो. अगदीच निरुपयोगी.

८

त्या गेल्यावर मी शेंड्याचं फूल खोडलं. ठिपका ठेवला. आणि खाली गेलो.

ताई उपड्या कुंडीवर बसून पाणी पीत होती.

"मघाशी हाक मारलीस?"

"मी? नाही." मग पाण्याचं भांडं खाली ठेवत, "मारली असेल. बस इथे. तुला एक दाखवायचंय. हसायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही."

तिने ती कुंडी फिरवली. सव्वीस दिवस ती माझ्यासमोर येत होती ती एकाच बाजूने. मागच्या बाजूला, बुंध्यापासून दुसरा एक तुरा निघाला होता. सुतळीने मुख्य दांड्याच्या पाठीला बांधून ताईने तो लपवला होता. पहिल्यापेक्षा आखूड, जरा वाकडा, दिसायला बेरकी. फुलं तीच, जांभळट. फक्त प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या होत्या आणि त्यांच्या मधे एक सहावी डोकावत होती. पूर्ण नाही. पाव.

"सव्वापाच," ताई म्हणाली. "पहिलं उमललं त्याच दिवशी ओळखलं मी. आपल्या घराण्यात असं एकच आहे."

मी वाकून वरच्या फुलाचा पाव मोजला. चोख होता.

"तुला सर्दी झाली त्या दिवशी ते गळत होतं. तू मेळाव्याला गेलास, त्या दिवशी सहावी पाकळी पाव नव्हती, चांगली अर्धी होती." तिने बोट वर सरकवत शेंड्याशी नेलं. "आणि गेले तीन आठवडे इथे रोज सकाळी एक कळी येते. जाड. एकटीच. मला ती आवडत नाही."

"मग?"

तिने उजवा अंगठा वर केला. नख हिरवं, आणि कडेला जांभळं.

"मग काय! साडेआठला चहाच्या आधी मी ती खुडते, रविवारी पाणी घालायला येते तेव्हाही. टच्. बाजूने पुन्हा फुटतं."

मी टाळूवर हात ठेवला. टक्कल नव्हतं तर. बायकोला सांगता येणार नव्हतं, पण मनाला बरं वाटलं.

"ताई," मी म्हणालो, "तुझ्या कानामागे रोज सव्वाआठला गुदगुल्या होतात ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वर माझ्या खिडकीकडे. मग माझ्या बोटांना लागलेल्या खोडरबराच्या काळ्या चुऱ्याकडे.

"जरा हळू खोडत जा," एवढंच ती म्हणाली. "परवा फार हसू आलं."

९

पुस्तक छापून झालं. झाडाला नाव मिळालं नाही, पण शेवटचं प्रकरण त्याच्यावर आहे आणि चित्राखाली माझी सही आहे. त्यातलं एकही फूल आदल्या दिवशी काढलेलं नाही.

आम्ही आता रविवारीही ऑफिसला येतो. सणवार, संप, काही असो. साहेब सभेत आमचं उदाहरण देतात. ताईची निवृत्ती दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा जाईल का, ते साहेबांनाही माहीत नाही. ताई म्हणते, नाही गेली तर कुंडी घरी नेऊ. मी म्हणतो, आणि टेबल? टेबल दारातून निघत नाही, मी मोजलंय. यावर ती म्हणते, तेव्हाचं तेव्हा बघू, बाजूने काहीतरी फुटतंच. पण हे म्हणताना ती माझ्या नजरेला नजर देत नाही.

आज सकाळी आठ वाजता मी दार उघडलं. ग्लास कोरडा होता, तो भरला. कळी आली होती, एकटी, टपोरी. खोडली. खाली ताई कानामागे हात नेऊन हसली, ते खिडकीतून दिसलं. मग ती कुंडीकडे वळली. तेवढ्यात कुणीतरी तिला बाहेरून हाक मारली आणि ती दारापाशी बोलत उभी राहिली.

साडेआठ झाले. मी खोडरबर हातात धरून उभा होतो. आठ बत्तीस. खोलीत टेबल पाणी पीत होतं. आठ चौतीसला माझ्या तोंडाला एकदम फार गोड वास आला, फूल पुरतं उमलायला लागलं की येतो तसा, आणि खिडकीतला उजेड जरा दूर गेल्यासारखा झाला. ताईला हाक मारायला तोंड उघडलं, तर ते नुसतंच उघडत गेलं.

टच्.

टाळूवर झणझणीत चिमटा बसला. खाली ताईने दोन बोटांत धरलेलं काहीतरी जांभळं मला लांबून दाखवलं आणि चहाला ये म्हणून खूण केली.

मी गेलो. तिने चहा गाळला. दोघांनीही घड्याळाकडे बघितलं नाही.